मॉडेल म्हणतंय ३९०, लॅब म्हणते १२०: ॲल्युमिनियमवरच्या लेझर ट्रॅकमधला अवशिष्ट ताण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ६०६१-टी६ ची (मॅग्नेशियम-सिलिकॉन मिसळलेला, उष्णतेने कडक केलेला ॲल्युमिनियम) १० मिमी जाडीची प्लेट, २ किलोवॅटचा फायबर लेझर, ३ मिमीचा स्पॉट, सेकंदाला २० मिमी वेग. ब्लास्टिंग करून, वर काळा थर देऊन मधोमध एकच ट्रॅक वितळवला. थंड झाल्यावर धातूत अडकून राहिलेला ताण, म्हणजे अवशिष्ट ताण, मोजायचाय. तुमच्या संगणकावरच्या मॉडेलमध्ये ट्रॅकच्या मध्यावर लांबीच्या दिशेने ३९० मेगापास्कल ओढ येते, एक्स-रे लॅबचा अहवाल १२० सांगतो. तुम्ही विचारता, मेश (मॉडेलचे तुकडे पाडणारी जाळी) अजून निम्मं करू की उष्णतास्रोत बदलू? आणि दुसरी शंका : वाचलेल्या सगळ्या पेपरांत लेझरनंतर पृष्ठभागावर दाब येतो, मग माझ्याकडे ओढ कशी, चिन्ह उलटं झालं का?

मी सोलापुरातच असतो, आणि बारा-तेरा वर्षं हेच काम पोटापाण्यासाठी करतोय. सुरुवात वेल्डिंगच्या सिम्युलेशनने झाली, नंतर लेझर आला. तुमची चूक मीही केलेली आहे, त्यामुळे तीच पकडता येईल असं वाटतं.

आधी चिन्हाचं मिटवू. चिन्ह बरोबर आहे. तुम्ही वाचलेले पेपर बहुधा दोन जातींचे असणार. एक, पोलादाचं लेझर हार्डनिंग. तिथे पृष्ठभागाचं मार्टेन्साइट (पोलादाची कडक रचना) होतं, ते फुगतं, आणि खालचं थंड पोलाद त्याला फुगू देत नाही म्हणून वर दाब येतो. ॲल्युमिनियमला असलं रूपांतरच नाही. वितळलं, गोठलं, आखडलं, एवढंच. दुसरी जात लेझर शॉक पीनिंगची. ती ॲल्युमिनियमवर खरोखर दाब देते, पण तिथे उष्णतेचा संबंध जवळपास नसतो. काही नॅनोसेकंदांचा पल्स, चौरस सेंटीमीटरला गिगावॅटमध्ये मोजायची शक्ती, वरून पाण्याचा पडदा आणि त्यात कोंडलेल्या प्लाझ्माचा धक्का. तो घणाचा घाव आहे, शेगडी नव्हे. त्याचं मॉडेलही वेगळं : दाबाचा पल्स, वेगाने होणाऱ्या विकृतीसाठीचं जॉन्सन-कुक सूत्र, क्षणिक धक्के सोडवणारा एक्सप्लिसिट सॉल्व्हर. तुमच्या कामाशी त्याची गल्लत करू नका.

ओढ का येते ते सोलापुरात सांगायला सोपं आहे. टेरी टॉवेलची किनार पहिल्या धुण्यात अंगापेक्षा जास्त आखडली की काय होतं? किनार ताणलेली राहते आणि टॉवेलला चुण्या पडतात. किनारीला आखूड व्हायचंय, अंग होऊ देत नाही. तुमचा ट्रॅक म्हणजे ती किनार.

आता ३९० कडे या. तुम्ही मेशबद्दल विचारलंत, पण मी आधी एवढंच विचारेन : तुमचं हे धातू ३९० धरूच कसं शकतं? ६०६१-टी६ चं यील्ड, म्हणजे ज्या ताणापुढे धातूचा आकार कायमचा बदलतो ती मर्यादा, साधारण २७६ मेगापास्कल. मोकळ्या पृष्ठभागावर पृष्ठाला लंब ताण शून्य असतो, आणि अशा द्विमितीय अवस्थेत मिसेसच्या (यील्ड कधी होतं ते ठरवणाऱ्या) निकषानुसार कुठलाही एक घटक यील्डच्या १.१५ पटीपुढे जात नाही. म्हणजे फार तर ३१९. तेही टी६ शाबूत असेल तर, आणि वितळून गोठलेल्या पट्ट्यात टी६ शाबूत नसतंच. म्हणजे ३९० हा आकडा लॅबशी ताडून बघण्याआधीच बाद होतो. मेश निम्मं केलंत तर ३९० चे ३९४ होतील, आणि रात्रभर कॉम्प्युटर तापेल तो वेगळा.

इथे कागदावरचा एक हिशोब करून बघा, मी प्रत्येक कामाआधी करतो. २७६ ला लवचिकता गुणांकाने, म्हणजे ६९,००० ने भागा : ०.००४. प्रसरण गुणांक अंशाला साधारण २३.६ गुणिले दहाचा उणे सहावा घात. ०.००४ ला त्याने भागा, १७० अंश येतात. पूर्ण जखडलेला तुकडा फक्त १७० अंशांनी तापला की दाबात यील्ड होतो. तापल्यावर यील्ड उतरतंच, म्हणजे प्रत्यक्षात त्याआधीच. तुमच्या ट्रॅकखालचा मोठा भाग याच्या कितीतरी पुढे गेला. तापताना तो दाबात चेपला गेला, थंड होताना तितकाच ओढीत गेला, आणि शेवटी यील्डला जाऊन टेकला.

म्हणजे काय? ओढीचा पट्टा किती रुंद आणि किती खोल, हे लेझर ठरवतो. ओढीचा आकडा मात्र थंड झालेल्या धातूचं यील्ड ठरवतं. हे एकदा डोक्यात बसलं की उष्णतास्रोताची चढाओढ आपोआप मागे पडते. गोल्डाकचा दुहेरी लंबगोल स्रोत १९८४ मध्ये वेल्डिंगसाठी आला आणि तिथे तो उत्तम आहे. पण वरवर वितळवण्याच्या कामात पृष्ठभागावरचा साधा गॉसियन, म्हणजे मध्यावर जास्त आणि कडेला उतरत जाणारा स्रोत, पुरतो. तुम्ही स्रोत बदललात तर पट्ट्याची रुंदी हलेल, ३९० तसाच राहील.

मग ३९० आला कुठून? तुमच्या वर्णनात ‘आयसोट्रॉपिक हार्डनिंग’ (धातू एकदा चेपलं की ओढीतही तितकंच कडक होतं हे गृहीतक) असा शब्द आहे, आणि वितळल्यावर एलिमेंटचं, म्हणजे मेशच्या एका तुकड्याचं, काय केलं याचा उल्लेख कुठेच नाही. चोर बहुतेक तिथेच आहे. तापताना एलिमेंट चेपला गेला, त्याची प्लास्टिक स्ट्रेन (कायमची विकृती) जमा झाली. मग तो वितळला. खरं धातू वितळलं की जुनं सगळं विसरतं. मॉडेलला कुणी सांगितलं नाही तर ते विसरत नाही. ते जुना हिशोब उराशी धरून थंड होतं, आणि हार्डनिंगच्या वक्रावर आधीच वर चढलेलं असल्याने यील्ड २७६ च्या पुढे धावतं. हा कडकपणा फक्त फाइलमध्ये आहे, प्लेटमध्ये नाही.

उपाय सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतो. ॲबॅकसमध्ये मटेरियलच्या व्याख्येतच ॲनील तापमान देता येतं, त्यावर गेलेल्या बिंदूची हार्डनिंगची स्मृती पुसली जाते. ६०६१ साठी ते सॉलिडसला, म्हणजे धातू वितळायला लागतं त्या ५८२ अंशांना ठेवा. तशी सोय नसेल तर वितळलेले एलिमेंट बंद करून गोठताना पुन्हा चालू करा, पण मग त्यांचं संदर्भ तापमानही सॉलिडसचंच द्यायला हवं, खोलीचं नाही. ही दुसरी गोष्ट विसरली की आखडण्याचा हिशोब बिघडतो आणि आकडा लॅबच्या जवळ गेल्यासारखा वाटू शकतो. चुकीच्या कारणाने बरोबर आलेलं उत्तर हे सगळ्यात महागात पडतं. सोबत आयसोट्रॉपिक सोडून कायनेमॅटिक किंवा मिश्र हार्डनिंग घ्या, कारण इथे चेपणं आणि ओढणं एकापाठोपाठ आहे आणि बाउशिंगर परिणाम (एका दिशेने चेपलेलं धातू उलट दिशेने लवकर यील्ड होणं) त्यात दिसतोच.

एवढ्याने माझ्या अंदाजाने तुम्ही तीनशेच्या खाली याल. १२० अजून दूर आहे. खरी मेहनत पुढे आहे, आणि ॲल्युमिनियम पोलादापेक्षा इथे जास्त छळतं.

तुमच्या मटेरियल टेबलमध्ये यील्ड फक्त तापमानावर अवलंबून आहे. म्हणजे ५०० अंशांपर्यंत जाऊन परत आलेला बिंदू खोलीच्या तापमानाला पुन्हा २७६ चा होतो, जणू काही घडलंच नाही. प्रत्यक्षात टी६ ची ताकद म्हणजे मॅग्नेशियम-सिलिकॉनचे बारीक अवक्षेप. तापलं की ते विरघळतात किंवा जाड होतात, आणि दोन-चार सेकंदांत थंड होताना परत येत नाहीत. त्याच मिश्रधातूचं पूर्ण मऊ, ओ अवस्थेतलं यील्ड साधारण ५५, आणि विरघळवून नैसर्गिकरीत्या मुरलेल्या टी४ चं १४५. तुमचा वितळलेला पट्टा या दोघांच्या मधे कुठेतरी बसणार. आता १२० बघा. लॅब खोटं बोलत नाहीये असं वाटायला लागतं ना?

म्हणून यील्ड हे फक्त आजच्या तापमानावर नाही, त्या बिंदूने आयुष्यात गाठलेल्या कमाल तापमानावरही अवलंबून ठेवा. शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे अवक्षेप विरघळण्याचं गतिशास्त्र. मीर आणि ग्रोंग यांनी १९९१ मध्ये ६०८२ च्या वेल्डसाठी जे मांडलं तो ढाचा अजून कामाचा आहे. पण मी रोजच्या कामात साधा जुगाड करतो. आधी फक्त तापमानाचं मॉडेल चालवतो, प्रत्येक नोडचं (एलिमेंटच्या कोपऱ्यातल्या बिंदूचं) कमाल तापमान लिहून ठेवतो, आणि ते एक फील्ड म्हणून ताणाच्या मॉडेलला देतो. यील्डचं टेबल मग दोन चलांचं होतं : आत्ताचं तापमान आणि गाठलेलं कमाल तापमान.

त्या टेबलातले आकडे पेपरमधून उचलू नका. ट्रॅक आडवा कापा, पॉलिश करा आणि मायक्रो-व्हिकर्सने (हिऱ्याचं बारीक टोक दाबून) पृष्ठभागापासून खाली कठिणता मोजत जा. शहरात ज्या कॉलेजांत मेटलर्जीची लॅब आहे तिथे हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, ओळख असेल तर चहावरही होतं. मूळ धातूच्या कठिणतेशी गुणोत्तर काढा आणि यील्ड त्या प्रमाणात उतरवा. ढोबळ आहे, पण तुमच्याच प्लेटचं आहे.

यात एक मेख आहे, ती मला उशिरा कळली. कठिणता ट्रॅक मारल्याच्या दिवशीच मोजा. विरघळलेलं ६०६१ खोलीच्या तापमानाला दिवसेंदिवस मुरत राहतं आणि कडक होत जातं. महिन्याने मोजलंत तर यील्ड जास्त दिसेल. पण ताण तर थंड होतानाच अडकला, तेव्हाच्या मऊ धातूच्या मर्यादेत. नंतर धातू कडक झालं म्हणून अडकलेला ताण वाढत नाही. मी एका कामात तीन आठवड्यांनी मोजलेली कठिणता घेतली आणि मॉडेल हट्टाने वरचढ येत राहिलं. चार दिवस सॉल्व्हरला दोष दिला.

टेबलाबद्दल अजून एक. हँडबुकमध्ये ६०६१ च्या गरम अवस्थेतल्या ताकदीचे जे आकडे असतात, ते बरेचदा त्या तापमानात १०,००० तास ठेवल्यानंतरचे असतात. तळटीप कुणी वाचत नाही. तुमचं धातू त्या तापमानात दोन सेकंद असतं. गरमातलं यील्ड तिथून घेतलंत तर दोनशे-तीनशे अंशांच्या पट्ट्यात धातू फाजील मऊ होतं.

आता शक्ती. तुम्ही शोषण ०.४ धरलंय आणि ‘पेपरवरून’ लिहिलंय. मोकळ्या, गुळगुळीत ॲल्युमिनियमवर या तरंगलांबीला शोषण पाच-दहा टक्क्यांच्या घरात असतं. हाही हिशोब हातावर होतो : स्थिर गॉसियन स्पॉटखाली कमाल तापमानवाढ म्हणजे ०.४ गुणिले शोषलेली शक्ती, भागिले वाहकता आणि स्पॉटची त्रिज्या. वाहकता १६७, त्रिज्या १.५ मिमी. सॉलिडस गाठायला साधारण ३५० वॅट शोषले गेले पाहिजेत, म्हणजे २ किलोवॅटचे सतरा-अठरा टक्के. स्पॉट पुढे सरकतो म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्तच. गुळगुळीत प्लेट तुमच्या सेटिंगला वितळलीच नसती. तुमची वितळली, कारण ब्लास्टिंग आणि काळा थर. पण म्हणून ते ०.४ झालं असं नाही. थर जळून गेला की शोषण बदलतं, वितळलं की पुन्हा बदलतं. कठिणतेसाठी जो तुकडा कापाल, तोच एच करा (रसायनाने रचना उघडी करा), वितळलेल्या भागाची रुंदी आणि खोली मोजा, आणि दोन्ही जुळेपर्यंत शोषण हलवा. खोली जुळली आणि रुंदी नाही, तर द्रवातल्या प्रवाहाचा परिणाम समजा. द्रवाची वाहकता दोन-तीन पट वाढवायची प्रथा आहे. ती कुबडीच आहे, पण चालते.

आणि गॉसियन लिहिताना घातांकातला २ तपासा. यंत्रावर लिहिलेला ३ मिमी बहुधा तीव्रता मध्याच्या साडेतेरा टक्क्यांवर उतरते तिथला व्यास असतो. त्या व्याख्येला घातांकात २ येतो, आणि मध्यावरच्या तीव्रतेतही २. काही पेपर ३ वापरतात, कारण त्यांची त्रिज्या पाच टक्क्यांची असते. व्याख्या एकाची आणि सूत्र दुसऱ्याचं असं झालं की मध्यावर दीडपट शक्ती ओतली जाते. हे मी पाहिलेल्या निम्म्या इनपुट फाइलींत असतं, गंमत नाही.

टेकू. तळाचे सगळे नोड तुम्ही घट्ट बांधलेत असं चित्रावरून दिसतं. प्लेट टेबलावर नुसती ठेवली होती की क्लॅम्प केली होती? नुसती असेल तर फक्त सरकणं-फिरणं अडवण्यापुरते तीन बिंदू बांधा. क्लॅम्प असेल तर ते ठेवा, पण थंड झाल्यावर सोडायची एक पायरी शेवटी हवीच, कारण लॅबकडे गेलेली प्लेट सुटी होती. १० मिमी जाडीवर एका ट्रॅकसाठी मध्याचा आकडा फार हलणार नाही, दोन-तीन मिमीच्या पत्र्यावर चित्रच पालटेल. तपासायची रीत सोपी : मधल्या छेदावर लांबीच्या दिशेच्या ताणाची बेरीज घ्या. सुट्या प्लेटमध्ये ती शून्यच आली पाहिजे. नाही आली तर उरलेलं बळ तुमच्या टेकूंनी धरलंय.

मेशबद्दल दोन ओळी पुरेत. ट्रॅकखाली खोलीत ०.१ मिमी, स्पॉटच्या त्रिज्येत निदान पाच-सहा एलिमेंट, वेळेची पायरी एवढी की एका पायरीत स्पॉट एका एलिमेंटपेक्षा पुढे उडी मारणार नाही. तुमचं आधीच तसं आहे.

म्हणजे क्रम असा ठेवा : आधी वितळण्याची स्मृती पुसा, मग हार्डनिंग बदला, मग कमाल तापमानावरून यील्ड उतरवा, आणि छेद हाती आला की शोषण. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी आकडा वहीत. सगळं एकदम बदललंत तर कशाने काय झालं ते मलाही सांगता येणार नाही.

आता लॅबच्या १२० ची बाजू, कारण तोही देवाचा शब्द नव्हे. ॲल्युमिनियममध्ये क्रोमियम ट्यूबचे एक्स-रे जेमतेम दहा-बारा मायक्रॉन आत जातात, तांब्याच्या ट्यूबचे त्याहून तिपटीच्या आसपास. तुमचा वरचा एलिमेंट १०० मायक्रॉनचा. दोघं वेगवेगळ्या थराबद्दल बोलताहेत. त्याहून मोठी गोष्ट : उरलेला काळा थर काढायला लॅबकडे देण्याआधी एमरी मारलीत का? एमरी किंवा ब्लास्टिंग वरच्या काही मायक्रॉनमध्ये भरपूर दाब भरतं, आणि एक्स-रे नेमकं तेवढंच वाचतात. तसं असेल तर खरी ओढ १२० पेक्षा जास्त असू शकते. इलेक्ट्रोपॉलिशने थोडं थोडं उतरवत पुन्हा मोजायला सांगा. शिवाय वितळून गोठलेल्या पट्ट्यातले कण लांबट आणि एका दिशेचे असतात, त्यामुळे साइन-स्क्वेअर-साय आलेखावरचे (वेगवेगळ्या कोनांतून मोजून ज्याच्या उतारावरून ताण काढतात त्या) बिंदू रेषेभोवती विखुरतात. अहवालात आलेख दिला असेल तर तो बघा. नुसता आकडा दिला असेल तर त्रुटीची मर्यादा मागून घ्या.

होल ड्रिलिंग (बारीक भोक पाडून सुटलेल्या स्ट्रेनवरून ताण काढणं) करायचं ठरवलंत तर माझी एक फजिती सांगून ठेवतो. मे महिना, अक्कलकोट रोडकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये काम. स्ट्रेन मोजणारे गेज सकाळी शून्य केले, ड्रिलिंगला दुपार झाली, मधे लाइट गेली म्हणून पंखेही बंद. तोवर प्लेट आठ-दहा अंशांनी तापली होती. आदल्या पोलादाच्या कामातले उरलेले गेज मीच ॲल्युमिनियमवर चिकटवले होते. पाकिटावर पोलादाचा ०६ हा क्रमांक होता, हवा होता ॲल्युमिनियमचा १३. दोन धातूंच्या प्रसरणातला फरक अंशाला साधारण १२ मायक्रोस्ट्रेन, म्हणजे शंभराच्या आसपास खोटा स्ट्रेन. होल ड्रिलिंगमध्ये गेजला मूळ स्ट्रेनचा लहानसा भागच दिसतो, त्यामुळे गणित उलटं करताना ही चूक कित्येक पट होते. मोकळ्या, कधीही लेझर न लागलेल्या कोपऱ्यात मला छान दाब सापडला. तो कोपरा मोजला म्हणून वाचलो, नाहीतर अहवाल गेलाच होता. तुम्हीही ट्रॅकपासून लांब एक भोक आधी पाडा. तिथे मूळ प्लेटचा ताण किती हेही कळतं, कारण बाजारातली सगळीच टी६ प्लेट ताणून सरळ केलेली नसते आणि क्वेंचिंगचा (गरम धातू एकदम थंड करण्याचा) ताण तिच्यात आधीपासून बसलेला असू शकतो. तुमच्या मॉडेलने सुरुवात शून्य धरलीय.

पुढे एकाला एक लागून ट्रॅक मारणार असाल तर गणित वेगळं होईल. प्रत्येक नवा ट्रॅक शेजारच्याला पुन्हा तापवतो, जुन्याचा ताण काहीसा उतरतो आणि शेवटच्या ट्रॅकमध्ये सगळ्यात जास्त राहतो. शिवाय ६०६१ परत वितळवलं की गोठताना चिरा जायची खोड आहे. छेदात चिरा दिसल्या तर तिथे ताण सुटलेला असतो, आणि अखंड धातूचं मॉडेल त्याच्याशी जुळवण्यात अर्थ नाही. छेद कापाल तेव्हा एच करण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली एकदा नुसता बघा, एचिंगने चिरा आणि कणसीमा सारख्याच दिसू लागतात.

त्या छेदाचा फोटो, अहवालातला साइन-स्क्वेअर-साय आलेख आणि ट्यूब क्रोमियमची होती की तांब्याची, एवढं इथे टाका. एमरीचंही खरं सांगा.